एका वेळी एकच बदल

मे महिन्यातल्या एका रविवारी सोसायटीने माणसं लावून साळवेबाईंच्या कुंड्या गच्चीवरून खाली आणल्या. बाई तेव्हा चर्चमध्ये होत्या. त्या परत आल्या तेव्हा कुंड्या पार्किंगमध्ये भिंतीला लावून ठेवलेल्या होत्या. बाईंनी पर्स जिन्याच्या पायरीवर ठेवली, कुंड्या पाहिल्या, पर्स उचलली आणि वर घरी गेल्या. त्यानंतर त्या गच्चीवर गेल्या नाहीत.

मी त्यांच्या समोरच्या दारात राहतो. नगरच्या सावेडीतल्या आमच्या इमारतीच्या सर्वांत वरच्या मजल्यावर तीन घरं आहेत : बाईंचं, माझं आणि टोकाला गाडेकरांचं. गाडेकरांचं हार्डवेअरचं दुकान आहे आणि ते सोसायटीचे चेअरमन आहेत. बाई कनिष्ठ महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. मी एका कॉलेजच्या ग्रंथालयातून निवृत्त झालेला. त्यांनी लग्न केलं नव्हतं. त्यांच्याविषयी लिहायला मला फार उशीर झाला, कारण लिहायला बसलं की आधी राग यायचा, आणि रागाच्या भरात लिहिलेलं त्यांनी लाल शाईने खोडून परत केलं असतं.

माझी पत्नी गेली त्या वर्षी मी भाड्याचं घर सोडून इथे आलो. सामानाच्या टेम्पोत रंगाच्या रिकाम्या डब्यात लावलेलं टोमॅटोचं एक झाड होतं. ते तिने लावलं होतं. मी ते बाल्कनीत ठेवलं आणि मनोभावे सांभाळू लागलो. झाड कठड्याच्या वर गेलं, पानांनी गच्च भरलं, फळंही धरली. पण ती हिरवी ती हिरवीच. एका सकाळी बेल वाजली. दारात सुती साडीतल्या, उंच, चष्म्याला दोरी लावलेल्या एक बाई उभ्या होत्या. नाव नाही, नमस्कार नाही.

"तुमच्या बाल्कनीतल्या झाडाला पाणी कोण घालतं?"

"मी."

"किती वेळा?"

"दोन्ही वेळा. आणि दर आठवड्याला शेणखत घालतो. मधूनमधून युरिया."

"का?"

मी म्हणालो, "माझ्या मिसेसनं लावलेलं आहे ते."

त्या आवाज न बदलता म्हणाल्या, "वाईट झालं. पण झाडाला ते ठाऊक नाही हो. त्याला इतकं खायला मिळतंय की पानं काढण्यातून त्याला सवडच नाही. फळ पिकवायचं म्हणजे झाडाला आवरतं घ्यावं लागतं. तुम्ही त्याला आवरूच देत नाही. खत बंद करा."

"आणि पाणी कमी करू?"

"खत बंद करा म्हटलं ना मी? पाण्याला हात लावू नका. दोन्ही एकदम केलंत, तर कशानं पिकलं हे मला कसं कळणार?"

काही दिवसांनी फळं टोकाकडून गुलाबी व्हायला लागली. पहिलं लाल फळ मी त्यांच्याकडे घेऊन गेलो. कौतुक होईल अशी माझी अपेक्षा होती. त्यांनी ते आडवं कापलं, दोन्ही अर्धुकं उजेडात धरून पाहिली, एकाला मीठ लावून खाल्लं आणि दुसरं मला दिलं. "बियांभोवतीचा गर अजून हिरवट आहे. आता पाणी एक वेळ करा, ग्रंथपाल." तेव्हापासून शेवटपर्यंत त्या मला ग्रंथपाल म्हणत आल्या. नाव त्यांना माहीत होतं.

त्यांची स्वतःची झाडं गच्चीवर होती, बरोबर त्यांच्या आणि माझ्या घराच्या वर. चर्च सुटलं की तिथे माणसं यायची. चर्चमधली, आमच्या सोसायटीतली, शेजारच्या गल्लीतली. घरी टोमॅटो लावणारी माणसं वाटतात त्याहून बरीच असतात, आणि सगळ्यांचं दुखणं एकच असतं : झाड छान आहे, फळं आहेत, पण नीट पिकत नाहीत. प्रत्येकाच्या हातात पिशवी. पिशवीतून फळ बाहेर काढायला लागलं की बाई हात आडवा करायच्या.

"फळ शेवटी. आधी माती."

मूठभर माती आणायची, असा त्यांचा नियम होता. ती त्या मुठीत दाबून मूठ उघडायच्या. ढेकळाला बोट लावून ते फुटतं का पाहायच्या. मग झाडाचं खालचं पान. मग प्रश्न, आणि पहिला प्रश्न नेहमी तोच : पाणी कोण घालतं? एकदा एक नवरा-बायको आले होते. त्यांच्या फळांना बुडाशी काळे चट्टे पडत होते. नवरा म्हणाला, मी घालतो. बायको म्हणाली, मी घालते. दोघं एकमेकांकडे बघायला लागली. बाई म्हणाल्या, "म्हणजे कधी दोघं घालता आणि कधी दोघंही घालत नाही. झाडाला रोग नाही. तुम्ही घरी एकमेकांशी बोलायला लागा." बायको हसली. नवरा हसला नाही.

गोड बोलणं त्यांना जमत नसे, आणि जमावं असं त्यांना वाटतही नसे. बाईंच्या चर्चच्या पाळकसाहेबांनी मोठ्या हौसेनं बागेतली फळं आणली. देठाकडचा भाग पिवळा, टणक आणि खालचा लाल. बाईंनी विचारलं, "पानं तोडता का?" पाळकसाहेब म्हणाले, "हो, फळांना ऊन लागावं म्हणून बरीच काढली." "साहेब, ऊन पानांना लागतं. फळाला नाही. खांदे भाजलेत त्याचे. अंगावर कपडे राहू द्या गरिबाच्या." पाळकसाहेब मनापासून हसले आणि पुढच्या रविवारी प्रवचनात त्यांनी हे वाक्य वापरलं. ते बाईंना मुळीच आवडलं नाही. "मी टोमॅटोबद्दल बोलले होते," त्या मला म्हणाल्या.

गाडेकरांच्या पत्नी अर्धकच्ची फळं खिडकीत उन्हात ओळीनं मांडून ठेवत. ती मऊ पडत, पण रंग धरत नसत. उन्हाळ्यात तर सगळ्यांचीच फळं पिवळट केशरी होऊन थांबतात. बाई सांगायच्या, "यात तुमचं काही चुकलेलं नाही, वहिनी. एवढ्या उष्म्यात लाल रंग तयारच होत नाही. बुडाला गुलाबी छटा आली की तोडा, कागदात गुंडाळा, पलंगाखाली ठेवा आणि विसरा." वहिनी म्हणाल्या, "फ्रिजमध्ये ठेवू का?" बाईंनी चष्मा काढला. "वहिनी, फ्रिजमध्ये मेलेली वस्तू ठेवतात. हे अजून जिवंत आहे." आणि पानं आक्रसलेली, फळांवर पिवळ्या कड्या उमटलेली फांदी कुणी आणली, तर त्यांचा निकाल एका शब्दाचा असे : "उपटा." एक तरुण मुलगी रडवेली होऊन म्हणाली, "काहीच नाही का घालता येणार त्याला?" "पिशवीत घाला आणि कचऱ्याच्या गाडीत द्या. आज. शेजारच्या झाडांचा विचार करा."

पण निदान काहीही असो, उपाय एका वेळी एकच. खत, पाणी, जागा, सावली. यातलं एक बदलायचं आणि थांबायचं. माणसांना थांबणं नको असे. ती घरी जाऊन सगळंच करून टाकत आणि पुढच्या रविवारी आनंदाने लाल फळ दाखवायला येत. बाईंना त्या लाल फळाचा राग यायचा.

या रागाचं मूळ मला त्यांच्या भावाकडून कळलं. बाबू त्यांच्याहून धाकटा, संगमनेर तालुक्यात प्रवरेच्या काठी त्यांची शेती. तो रानात टोमॅटो करतो. बाई नोकरीत नव्या होत्या त्या काळी एकदा त्याच्या रानातली फळं डागाळली. अर्धं लाल, अर्धं पिवळं, आत पांढरी टणक शीर. औषधवाला म्हणाला व्हायरस, दुसरा म्हणाला जमिनीत पालाश कमी, तिसरा म्हणाला उष्मा. बाई सुट्टी काढून गावी गेल्या. त्यांनी रानाचे वाफे वेगळे करून दिले, एकेका वाफ्याला एकेक उपाय, आणि थांबायला सांगितलं. त्या नगरला परतल्या त्याच आठवड्यात बाबूने सगळ्या रानावर सगळं मारलं. पुढचा तोडा लाल निघाला.

बाबू माझ्यासमोर हसत हसत सांगत होता, "सर, आक्का दोन म्हैनं माझ्याशी बोलत नव्हती. म्हनलं, आक्का, माल लाल झाला ना? मग झालं की! तर म्हनती, कशानं झाला ते सांग. आता मला काय म्हाईत कशानं झाला? हिला लई कारनं लागत्यात."

बाई चहा ओतत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "आणि तेव्हापासून दरवर्षी काय करतोस?"

"सगळंच मारतो."

"का?"

"आता त्यातलं कोनतं सोडायचं ते न्हाई ना कळत."

"बघा ग्रंथपाल," बाई म्हणाल्या. "फळ बरं झालं. हा तसाच राहिला."

दिवाळीनंतर गाडेकरांच्या हॉलच्या छताला ओल आली. आधी हातभर डाग, मग तो पसरत गेला, रंगाचे पापुद्रे सोफ्यावर पडायला लागले. गाडेकर माणूस वाईट नाही, हे मला इथे लिहिलं पाहिजे. लाइट गेली तर ते दार वाजवून बाईंना विचारत. दवाखान्यात जायचं असलं की रिक्षा बोलावून देत. पण छत त्यांच्या डोक्यावर गळत होतं आणि गच्चीवर रोज पाणी घातलं जात होतं. त्यांनी दोन गोष्टी जोडल्या. कुणीही जोडल्या असत्या.

पार्किंगमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडून मीटिंग झाली. गाडेकर म्हणाले, "बाई, राग मानू नका, पण स्लॅब तुमच्या कुंड्यांमुळे गळतो." मला वाटलं बाई फटकारतील. त्या उभ्या राहिल्या आणि वर्गात बोलत तशा बोलल्या. पाऊस संपलेला आहे, तेव्हा पावसाचं पाणी नाही. उरल्या दोन शक्यता. एक माझं पाणी. दुसरी टाकीच्या पाइपाचं पाणी, कारण टाकी गाडेकरांच्या डोक्यावर आहे. माझ्या कुंड्या माझ्या घरावर आहेत आणि माझं छत कोरडं आहे. पण तेवढ्यावरून मी सुटत नाही, स्लॅबमध्ये पाणी कुठूनही कुठे जातं. तेव्हा आधी मी माझं पाणी बंद करते. ओल सुकली, तर कुंड्या मी स्वतः खाली आणीन. नाही सुकली, तर टाकीची लाइन बंद करून पाहायची.

"मान्य आहे?" त्यांनी विचारलं.

"मान्य आहे ना बाई," गाडेकर म्हणाले. "तुम्ही म्हणाल तसं."

त्यांनी पाणी बंद केलं तेव्हा झाडं फळांनी वाकलेली होती आणि उन्हाचा ताव वाढायला लागला होता. मी रोज त्यांच्याबरोबर गच्चीवर जात असे. पानं दुपारी लोंबायची, संध्याकाळी थोडी सावरायची. मग सावरायचीही बंद झाली. फळांच्या बुडाशी काळं कातडं धरलं. ज्या दोषाबद्दल त्या लोकांना रागावायच्या, तो त्यांच्या गच्चीवर प्रत्येक झाडावर होता. मी म्हणालो, "बाई, तांब्याभर तरी घालू या. तेवढ्याने काय होणार आहे?" त्या म्हणाल्या, "मग मी गाडेकरांना काय सांगू? पाणी बंद होतं, पण तांब्याभर होतं?" त्यांनी एका फळाचा काळा बुडखा अंगठ्याने दाबून पाहिला. "माझं म्हणणं खरं ठरावं म्हणून नाही हो. माझं चुकत असेल तर ते मला कळायला हवं. नुसतं लोकांनी सांगून नको."

झाडं गेली. डाग तसाच ओला राहिला. उलट थोडा वाढला. बाईंनी गाडेकरांना त्यांच्याच हॉलमध्ये खुर्चीवर चढायला लावून छताला हात लावायला सांगितलं.

"ओलं आहे?"

"आहे. पण बाई, हे मुरलेलं पाणी आहे. इतकी वर्षं तुम्ही घातलेलं. असं लगेच सुकतं का?"

"मग कधी सुकेल ते सांगा. मुदत तुम्ही ठरवा. तितके दिवस मी थांबते."

"ते कसं सांगणार?"

"मग आता टाकीची लाइन बंद करा. तसं ठरलं होतं."

गाडेकर खुर्चीवरून उतरले. "अख्ख्या बिल्डिंगचं पाणी बंद करायचं? तुमच्या टोमॅटोपायी?"

"टोमॅटो मेले, गाडेकर. आता तुमच्या छतापायी."

पुढच्या मीटिंगला गाडेकरांनी वॉटरप्रूफिंगवाला आणला. तो म्हणाला, कुंड्या काढतो, टाकीची पाइपलाइन नवी टाकतो, गच्चीला लेप देतो. एकाच दमात काम. सगळ्यांना हे पटलं. बाईंनी विनंती केली. मी त्यांना विनंती करताना त्याआधी पाहिलं नव्हतं. "पाइप आधी बदला. थोडे दिवस थांबा. ओल राहिली तर मग कुंड्या काढा, लेप द्या, काय हवं ते करा. माझं पाणी बंदच आहे." तो माणूस म्हणाला, "मॅडम, मी लेबर पुन्हा पुन्हा कसं आणू?" मागून कुणीतरी म्हणालं, "एकदाचं काय ते करून टाका ना." आणि बाईंच्या तोंडी त्यांच्या गावची भाषा आली, जी त्या आमच्यासमोर कधी बोलत नसत. "व्हय, करून टाका! कळायची गरजच न्हाई ना कुनाला!" काही जण हसले. हात वर करायची वेळ आली तेव्हा विरोधात बाईंचा हात होता आणि माझा.

माणसं रविवारी आली. मी जिन्यात गाडेकरांना अडवलं. म्हणालो, बाई चर्चमध्ये आहेत, त्यांना येऊ द्या. गाडेकर हळू आवाजात म्हणाले, "सर, म्हणूनच तर आजचा दिवस धरला. त्यांच्या डोळ्यांदेखत कशाला? त्यांनाच त्रास होईल." त्यांना खरोखर तसं वाटत होतं. अशा काळजीला काय उत्तर द्यायचं, ते मला आजही सुचलेलं नाही.

काम झालं. ओल सुकली. पाऊस येऊन गेला तरी सुकलेलीच राहिली. गाडेकरांनी हॉलला नवा रंग दिला आणि इमारतीतल्या सगळ्यांना चहाला बोलावलं. "बघा, कुंड्या गेल्या आणि ओल गेली," ते सगळ्यांना सांगत होते. मी म्हणालो, "पाइपही गेला की." ते म्हणाले, "तो काय, माणसं होतीच म्हणून घेतला बदलून." बाई छताखाली उभ्या होत्या. त्यांनी चष्मा लावून कानाकोपरा नीट पाहिला.

"छान सुकलंय," त्या म्हणाल्या. "आता हे कधीच कळणार नाही."

"काय, बाई?" वहिनींनी विचारलं.

"काही नाही. चहा चांगला झालाय."

त्या दिवसानंतर त्यांच्याकडे पिशव्या यायच्या कमी झाल्या. गच्ची नव्हती हे कारण असेल. पण तेवढंच नव्हतं. खालच्या मजल्यावरच्या एका बाईंनी जिन्यात पिशवी पाठीमागे घेतलेली मी पाहिली. साळवेबाईंनी विचारलं, "काय, पिकत नाहीत?" त्या म्हणाल्या, "राहू द्या हो बाई, नर्सरीवाल्याला विचारते. तुम्हाला कशाला त्रास." यात अपमान करायचा हेतू नव्हता. फक्त असं झालं होतं की, बाईंचं म्हणणं एकदा सर्वांच्या डोळ्यांसमोर खोटं ठरलं होतं, आणि ते खोटं ठरलं नाही हे दाखवायची सोय कुणी शिल्लक ठेवली नव्हती. मातीची मूठ दाबून पाहणाऱ्या बाईंचा शब्द छताबाबत चुकतो, तर टोमॅटोबाबत कशावरून नाही?

बाबू पिकअप घेऊन आला. रिकाम्या कुंड्या त्याने गाडीत भरल्या. "आक्का, तू चल गावाला. रान पडलंय तिथं, लाव किती लावायचं ते."

"तुझ्या रानात मला काय कळणार? तू सगळंच मारतोस."

"अगं, छत सुकलं ना त्यांचं? मग कशाला मनाला लावून घेतलंस?"

बाई पार्किंगच्या भिंतीकडे बघत होत्या. म्हणाल्या, "लोक म्हणतात माझी चूक होती. असेलही, बाबू. पण मग ती माझी मला सापडायला हवी होती रे. आता ती माझी आहे की नाही, हेसुद्धा मला माहीत नाही."

बाबूने माझ्याकडे पाहिलं. मग तो गाडीत बसला.

पुढे थंडी पडली तेव्हा त्यांना ताप आला. साखर आधीपासून होती. हृदयाचंही काही होतं. गोळ्या त्या मनाप्रमाणे घेत आणि सोडत. जेवण कमी झालं होतं. जिना उतरणं बंद झालं होतं. दवाखान्यात नेल्यावर फार दिवस लागले नाहीत. कबरस्तानातून परतताना बाबू माझ्या शेजारी चालत होता. तो म्हणाला, "सर, तुमी शेजारी हुता. नक्की कशानं गेली हो ही?"

कुंड्या काढल्या म्हणून त्या गेल्या, असं मला वाटतं. रोज वाटतं. पण मी ते बाबूला सांगितलं नाही, आणि इथेही तसं ठरवून लिहिणार नाही. त्या वर्षी त्यांच्या बाबतीत सगळंच एकदम बदललं होतं : गच्ची गेली, माणसं यायची थांबली, जेवण तुटलं, औषधं चुकली, थंडी पडली. यातलं एकच बदललं असतं तर सांगता आलं असतं. मी म्हणालो, "ते आता कळणार नाही, बाबू." तो म्हणाला, "तुमीबी तिच्यासारखंच बोलाया लागला." आणि रस्त्याच्या कडेला थांबून त्याने तोंडावर रुमाल धरला.

सोसायटीने पार्किंगमध्ये शोकसभा घेतली. फोटो, हार, उदबत्ती. बाईंच्या घरी कुणी कधी उदबत्ती लावली नव्हती. पण लावणाऱ्याने आदरानेच लावली असणार. गाडेकर बोलायला उभे राहिले. त्यांनी डोळे पुसले, आणि ते खोटं नव्हतं. ते म्हणाले, "बाईंचं झाडांवर पोटच्या पोरांसारखं प्रेम. पण सोसायटीला त्रास होतोय म्हटल्यावर त्यांनी एका शब्दात, स्वतःहून कुंड्या काढल्या. एवढा त्याग आज कोण करतं?" माणसांनी माना हलवल्या. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "स्वतःहून नाही." गाडेकर माझ्याजवळ आले, खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "सर, आज नको." वहिनींनी मला पाणी आणून दिलं. सगळ्यांना वाटलं, मला दुःख झालं आहे.

तेव्हा मला समजलं की आता एवढंच खरं म्हणून राहणार. साळवेबाई प्रेमळ होत्या, कुंड्यांमुळे स्लॅब गळत होता, आणि त्यांनी मोठ्या मनाने कुंड्या काढल्या. यातलं एकही वाक्य त्यांनी तपासल्याशिवाय जाऊ दिलं नसतं. पहिल्या वाक्यालाच त्यांनी विचारलं असतं, कशावरून?

त्यांच्या घरी आता भाडेकरू राहतात. बँकेत नोकरी करणारं जोडपं आहे, चांगली माणसं आहेत. टोमॅटो मी मंडईतून आणतो. गच्चीवर पांढरा लेप आहे, टाकी आहे आणि कपडे वाळत घालायच्या दोऱ्या आहेत. गाडेकरांचं छत कोरडं आहे.